पाणी तुटलं, वीज तोडली: पुण्यातल्या भाडेकरूनं काय करावं, कोणत्या क्रमानं करावं

भाड्याच्या घरात पाणी किंवा वीज बंद पडली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर त्या महिन्याचं भाडं अडवून धरतात, नाही तर थेट पोलीस चौकी गाठतात. भाडं अडवलं की आपलीच बाजू लंगडी होते आणि चौकीत बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ एवढंच ऐकायला मिळतं. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: सेवा नेमकी कुठे तुटली, आणि आपल्या हातातला कागद कोणता, भाडेपट्ट्याचा की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती राहण्याची परवानगी देणारा? कोणाकडे जायचं आणि काय मागायचं, हे या दोन उत्तरांवर ठरतं.

वीज नेमकी कुठे गेली?

आधी शेजाऱ्यांकडे वीज आहे का ते पाहा. फक्त आपल्याकडेच नसेल तर मीटर रूममध्ये जाऊन आपल्या मीटरचा डिस्प्ले बघा. डिस्प्ले चालू आणि घरात अंधार, तर दोष मीटरच्या पुढे, म्हणजे मेन स्विच, ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), एमसीबी (एकेका सर्किटचा छोटा स्विच) किंवा घरातलं वायरिंग यांत आहे. महावितरणचा माणूस यात हात घालणार नाही. ईएलसीबी सारखा पडत असेल तर सगळ्या एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी वर करत जा. जिच्यामुळे तो पुन्हा पडतो, त्या सर्किटवर गळती आहे. पावसाळ्यात गिझर आणि बाल्कनीतला ओला प्लग हे नेहमीचे संशयित. उपकरण तुमचं असेल तर खर्च तुमचा, भिंतीतली वायर किंवा मालकाचा गिझर असेल तर मालकाचा.

डिस्प्लेच मेलेला असेल तर वीज मीटरपर्यंत पोचत नाही. कटआउटचा, म्हणजे मीटरआधीच्या डबीतला, फ्यूज उडाला असेल, केबलमध्ये दोष असेल, महावितरणनं थकबाकीपोटी कनेक्शन तोडलं असेल किंवा कोणी मुद्दाम फ्यूज काढला असेल. मीटर, त्याचं सील आणि कटआउट यांचा, मीटर क्रमांक दिसेल असा फोटो घ्या. कशालाही हात लावू नका. तोडलेलं कनेक्शन परस्पर जोडणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १३८ खाली गुन्हा आहे आणि भांडणातला मालक याच चुकीची वाट पाहत असतो. शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढून आणणंही टाळा.

मग बिल बघा. बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बिल आणि थकबाकी दिसते. ग्राहक क्रमांक जुन्या बिलावर असतो. करार करतानाच तो मागून ठेवलेला बरा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कंपनीला कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. अडचण अशी की कनेक्शन मालकाच्या नावावर, त्यामुळे नोटीस आणि मेसेज मालकाकडे जातात, अंधारात बसतो भाडेकरू. बिल भरायची जबाबदारी करारात मालकाकडे असेल, तर दर महिन्याला ग्राहक क्रमांक टाकून एकदा बघायची सवय ठेवा.

थकबाकीपोटी तोडलेलं कनेक्शन आधी ‘टीडी’ म्हणजे तात्पुरतं खंडित असतं. थकबाकी आणि पुनर्जोडणी शुल्क भरलं की ते जोडून मिळतं. बरेच महिने तसंच राहिलं तर ‘पीडी’, म्हणजे कायमचं खंडित होतं, आणि मग नवीन कनेक्शनचा सगळा उपद्व्याप. म्हणून टीडी असताना मालक फोन उचलत नसेल तर पैसे तुम्ही भरून टाका. बिल कोणीही भरू शकतं. मात्र भरण्याआधी मालकाला एक मेसेज टाका: ‘तुमच्या नावावरची इतकी थकबाकी मी आज भरतो आहे, पुढच्या भाड्यातून वळती करेन.’ भाडेपट्टा असेल तर मालकानं भरायची अशी रक्कम भरून भाड्यातून कापण्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये मालकाचं ‘ठीक आहे’ लेखी मिळालं तरच कापा.

वीजपुरवठ्याच्या तक्रारीसाठी महावितरणचा क्रमांक १९१२. टोल फ्री १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हेही आहेत. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो क्रमांक म्हणजे सेवा कधीपासून बंद आहे याचा तिऱ्हाइताकडचा पुरावा.

पाणी: टाकीपासून मागे जा

आपल्याकडे पाणी महापालिकेच्या लाइनमधून सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून खाली नळाला येतं. तपास उलटा करावा. गच्चीवर जा, टाकीचं झाकण उघडून पाणी आहे का पाहा. टाकी भरलेली आणि फक्त आपला नळ कोरडा, तर टाकीच्या बुडाशी खाली उतरणाऱ्या प्रत्येक लाइनला जो व्हॉल्व्ह असतो, तो बघा. चाक पूर्ण आवळलेलं असेल तर कारण सापडलं. टाकीतलं पाणी, आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह आणि खाली येऊन आपला कोरडा नळ, असा एकसलग व्हिडिओ काढा. तुकडे जोडलेला व्हिडिओ पुढे वादात सापडतो. व्हॉल्व्ह उघडाच असेल आणि नळ फुरफुरत असेल तर लाइनमध्ये हवा अडकलेली असू शकते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर असं होतं, आणि ते प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम असतं. तिथे कट शोधू नये.

गच्चीची टाकी रिकामी पण खालची भरलेली, तर पंप किंवा पंपाची वीज. हा सोसायटीचा विषय. दोन्ही रिकाम्या असतील तर महापालिका. पुण्यात देखभालीच्या कामांसाठी बहुधा गुरुवारी पाणी बंद असतं, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं येतं. खडकवासला धरणसाखळीत साठा घटला की कपातही लागते. अशा वेळी मालकाला नोटीस पाठवणं म्हणजे फुकाचा ताप. आपल्या भागाच्या चावीवाल्याला, म्हणजे लाइनचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणाऱ्याला, विचारा, पलीकडच्या सोसायटीत पाणी आलं का पाहा आणि महापालिकेच्या १८०० १०३० २२२ या क्रमांकावर किंवा पीएमसी केअर ॲपवर तक्रार नोंदवा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. तिथे ‘काल आलं नाही’ ही तक्रारच होत नाही.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यांतल्या अनेक नव्या इमारतींचा भार अजून टँकरवर आहे. तिथे घर घेताना ‘पाण्याचा प्रॉब्लेम नाही’ या वाक्यावर जाऊ नका, हिशेब करा. शहरी पाणीपुरवठ्याचं मान माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे चौघांच्या घराला ५४० लिटर. १०,००० लिटरचा एक टँकर वीस फ्लॅटना वाटला तर घराला ५०० लिटर येतात. वीस फ्लॅटच्या इमारतीत रोज एकच टँकर येत असेल तर उन्हाळ्यात वेळा ठरवून पाणी सोडणार, हे गृहीत धरा. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, तो मालक देणार की तुम्ही, हे करारात नसेल तर एप्रिलमध्ये त्यावरून भांडण ठरलेलं.

ड्रेनेजचं सोपं आहे. कंपाउंडच्या आतला चेंबर तुंबला तर सोसायटी किंवा मालक, रस्त्यावरचा तुंबला तर महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय. लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सोसायटीकडे.

आता कागद काढा

भाड्याच्या घरांना महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याची कलमं मोबाइलवर फिरत असतात. तो नमुना आहे, राज्यानं तसा कायदा केल्याशिवाय इथे चालत नाही. नोटिशीत त्याचा हवाला दिलात तर समोरचा वकील हसेल.

१९९९ च्या कायद्याचं कलम २९ नेमकं याच विषयावर आहे. योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय घरमालकानं, स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत, भाडेकरू उपभोगत असलेली अत्यावश्यक सेवा तोडायची किंवा अडवायची नाही. यात पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट आणि साफसफाई, मलनिःसारण हे सगळं धरलं आहे. मालकाच्या करणीमुळे किंवा त्यानं काही न केल्यामुळे महापालिकेनं वा वीज कंपनीनं सेवा तोडली, तरी ती मालकानं अडवली असंच धरायचं, हा त्यातला सगळ्यात उपयोगी भाग. म्हणजे मालकानं बिल थकवलं आणि लाइनमन येऊन फ्यूज काढून गेला, तर ‘मी कुठे तोडली, महावितरणनं तोडली’ ही पळवाट बंद.

याच कलमाखाली भाडेकरू न्यायालयात अर्ज करू शकतो, सगळे भाडेकरू मिळून एकच अर्जही चालतो. न्यायालयाला गरज पटली तर मालकाला नोटीस निघण्याआधीच, अमुक तारखेपर्यंत सेवा सुरू करा, असा अंतरिम आदेश देता येतो. अर्जाचा खरा जोर याच आदेशात आहे. आदेश मोडला तर दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड, आणि सेवा तोडल्याबद्दल दोष सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. या रकमांना आज कोणताही मालक भीक घालत नाही. पण न्यायालयाचा आदेश मोडल्याची नोंद त्याला पुढच्या प्रत्येक दाव्यात महाग पडते.

कलम २९ चं सातवं पोटकलम फार कमी लोकांना ठाऊक आहे. मालकानं अडवलेली सेवा, किंवा भाडेकरूला स्वतःच्या खर्चानं हवी असलेली नवी सेवा, यासाठी भाडेकरूनं थेट महापालिकेकडे किंवा संबंधित यंत्रणेकडे अर्ज करायचा. मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र मागत न बसता त्या यंत्रणेला सेवा देता येते. विजेच्या बाबतीत तर वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये ‘मालक किंवा ताबेदार’ असेच शब्द आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे, मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, आणि वीज कंपनीनं पाहायचं ते एवढंच की अर्जदाराचा ताबा आहे का. महावितरणच्या खिडकीवर ‘मालकाची सही आणा’ असं ऐकू आलं तर हा निकाल अर्जाला जोडा, अर्ज आवक करून शिक्का मारलेली प्रत घ्या, आणि नकार लेखी मागा. लेखी नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर तक्रार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे न्या आणि तिथेही जमलं नाही तर विद्युत लोकपालांकडे. या दोन्ही ठिकाणी वकील लागत नाही.

लिव्ह अँड लायसन्सची गोम

पुण्यातली बहुतेक घरं ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर जातात. कलम २९ मधला शब्द ‘भाडेकरू’ आहे, आणि आजच्या लायसन्सधारकाला हा कायदा भाडेकरू मानत नाही. त्यामुळे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यानं केवळ कलम २९ वर भिस्त ठेवून अर्ज केला, तर पहिल्याच तारखेला त्याच्या पात्रतेवर बोट ठेवलं जाईल. याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकारी आहे, पण ते दार मालकासाठी आहे: मुदत संपल्यावर घर रिकामं करून घेण्यासाठी. तिथे पाण्याची तक्रार घेऊन जाऊ नका.

मग लायसन्सधारकाच्या हातात काय राहतं? पहिलं म्हणजे करार. पाणी-वीज चालू असलेलं घर राहायला देतो असं त्यात असेल, तर सेवा तोडणं हा करारभंग आहे आणि नुकसानभरपाई मागता येते. दुसरं, १८८२ चा सुखाधिकार कायदा, ज्यात लायसन्सची कलमं आहेत. पैसे घेऊन दिलेलं लायसन्स पुरतं उपभोगण्याआधीच, लायसन्सधारकाची चूक नसताना, मालकानं त्याला बाहेर काढलं तर कलम ६४ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. पाणी तोडून ‘स्वतःहून’ जायला भाग पाडणं हे बाहेर काढणंच आहे, असा मुद्दा इथे मांडायचा असतो. शिवाय घरातला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल तर तो सांगणं कलम ५७ नं त्याच्यावर बंधनकारक आहे. शॉक बसणारा गिझर किंवा उघडी वायर यात येते. तिसरं, वीज कायद्याचं ‘ताबेदार’ हे नातं. चौथं, दिवाणी न्यायालयातून मनाई किंवा सेवा सुरू करण्याचा आदेश. तो मिळू शकतो, पण ११ महिन्यांच्या करारात सात महिने झाले असतील तर वकिलाची फी आणि उरलेले चार महिने यांचा मेळ आधी घाला. अनेकदा भरपाईसह डिपॉझिट सोडवून बाहेर पडणं हेच शहाणपणाचं असतं.

कंपनीनं स्वतःच्या नावावर फ्लॅट घेऊन दिला असेल तर आणखी एक फाटा. भरणा झालेलं भांडवल एक कोटी किंवा अधिक असलेल्या कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या जागेला हा भाडे कायदाच लागू नाही. तिथे तुम्ही काही करण्याआधी कंपनीच्या अ‍ॅडमिनला लेखी कळवा. मालकाशी करार त्यांचा आहे. पीजी किंवा हॉस्टेल असेल, जिथे जेवण, साफसफाई, वायफाय अशा सेवांचे पैसे घेतले जातात, तिथे सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगात मांडता येते. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा.

करार नोंदलेलाच नसेल तरी हातपाय गाळू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं ती टाळली असेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे तुमच्या बाजूचं मोठं वजन आहे, तोंडी समेटातसुद्धा.

भाडं थांबवू नका

सेवा बंद म्हणून भाडं बंद, हे मनाला पटतं, पण कायदा तसा चालत नाही. भाडेकरू भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आहे तोवर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ त्याला थकबाकीच्या दाव्यापासून वाचवतं. थकलं तर मालकाची मागणीची नोटीस आणि ९० दिवस, मग दावा. समन्स लागल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह सगळं भरलं तर घर वाचतं, पण तोवर पाण्याचा मुद्दा बाजूला पडून ‘भाडं बुडवणारा’ हा शिक्का बसतो. लायसन्समध्ये तर एवढंही संरक्षण नाही. भाडं चुकलं की करार संपवायला मालक मोकळा.

भाडं बँकेतूनच द्या. शेऱ्यात ‘मे भाडे, हक्क राखून’ असं लिहा. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करा. नाकारून परत आलेल्या मनीऑर्डरची पावती ही तुमच्या तयारीची लेखी साक्ष असते.

भाड्यातून कापण्याचा कायदेशीर मार्ग याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, पण तो दुरुस्तीपुरता आणि भाडेकरूपुरता. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. लेखी नोटीस द्या, किमान १५ दिवस वाट पाहा, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची. भाडं महिना २०,००० असेल तर वर्षाचे २,४०,००० आणि मर्यादा ६०,०००: पंप, वायरिंग, बाथरूमची लाइन यात बसतं. पण पेठेतल्या वाड्यात महिना १०० रुपये भाडं असेल तर मर्यादा वर्षाला ३०० रुपये. त्यात आज नळाची तोटी बदलून होते, फार तर. जुन्या भाडेकरूंनी म्हणून कलम १४ च्या नादी न लागता कलम २९ आणि त्याचं सातवं पोटकलम धरावं. खर्चाच्या पावत्या आणि हिशेबाची वही नीट ठेवा. कलम १४ खाली भाडेकरूचा पावत्यांसह हिशेब मालकावर बंधनकारक पुरावा ठरतो. प्लंबरकडून नाव, तारीख, कामाचं वर्णन आणि सही असलेलं बिल घ्या. ‘मजुरी ८५०’ एवढं लिहिलेला चिठोरा नको.

पहिल्या दिवसापासूनचा क्रम

त्याच दिवशी फोन करा, आणि फोन झाल्यावर त्यातलंच व्हॉट्सॲपवर लिहा: काय बंद आहे, किती वाजल्यापासून, काय तपासलं, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का. सोसायटीच्या सेक्रेटरीला तोच मेसेज वेगळा पाठवा. महापालिका किंवा महावितरण, जे लागू असेल तिथे तक्रार क्रमांक घ्या. पाणी विकत आणलं तर जारची, टँकरची पावती घ्या.

दुसऱ्या दिवशीही हालचाल नसेल तर ईमेल आणि पोस्टानं लेखी नोटीस पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्टच, पोहोच पावतीसह. वकिलाची नोटीस नंतर. पहिली स्वतःची, साध्या भाषेत, तारखांसह:

‘आपल्या मालकीची वरील सदनिका दि. … च्या नोंदणीकृत कराराने (दस्त क्र. …) माझ्या ताब्यात आहे. दि. … रोजी सकाळी … वाजल्यापासून सदनिकेत पाणी येत नाही. त्याच दिवशी … वाजता आपल्याला फोनवर व व्हॉट्सॲपवर कळवले. गच्चीवरील टाकीत पाणी असून आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद आढळला. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. … महिन्यापर्यंतचे भाडे चुकते केले आहे. ही नोटीस मिळाल्यापासून २४ तासांत पुरवठा पूर्ववत करावा. तोपर्यंत पाण्यासाठी होणारा खर्च पावत्यांनुसार आपल्याकडून वसूल करण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे. भाडे देत राहणे म्हणजे या गैरसोयीस संमती नव्हे.’

यात शिवीगाळ, धमकी, ‘बघून घेईन’ काही नको. ‘व्हॉल्व्ह तुम्हीच बंद केला’ असंही लिहू नका, डोळ्यांनी पाहिलं नसेल तर. ‘बंद आढळला’ पुरेसं आहे; तो का बंद, हे सांगण्याची पाळी मालकावर येते.

व्हॉट्सॲपचे मेसेज आणि व्हिडिओ न्यायालयात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ फोन विकू नका, चॅट पुसू नका. फॉरवर्ड केलेल्या प्रतीपेक्षा ज्या फोनवर चित्रण झालं तो फोन महत्त्वाचा.

सोसायटीनं तोडलं तर

मालकानं मेंटेनन्स थकवला म्हणून सोसायटी भाडेकरूचं पाणी बंद करते, हा पुण्यातला नेहमीचा प्रकार. थकबाकी वसूल करायला सोसायटीकडे सहकार कायद्याचे रस्ते आहेत, नळ बंद करणं हा त्यातला रस्ता नाही. कमिटीला लेखी विचारा: कोणत्या ठरावानं, कोणत्या तारखेच्या सभेत पाणी बंद केलं? ठरावाची प्रत मागितली की अर्ध्या वेळा व्हॉल्व्ह संध्याकाळपर्यंत उघडतो, कारण ठराव नसतोच. नाही उघडला तर आपल्या भागाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार जाते. ती सभासदाच्या, म्हणजे मालकाच्या सहीनं गेली तर वजन जास्त. या भांडणात मालक तुमच्या बाजूला ओढता येतो, हे विसरू नका.

पोलीस कधी

नुसतं पाणी येत नाही, यासाठी नाही. पण कोणी पाइप कापला, पंपाची वायर तोडली, पिण्याचं पाणी कमी पडेल हे जाणून नासधूस केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घरात जबरदस्तीनं घुसणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर फेकणं, दमदाटी करणं हेही पोलिसांचे विषय. त्या क्षणी ११२. नंतर लेखी तक्रार दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर शिक्का घ्या. तक्रारीत ‘पाणी बंद’ हे वाक्य पहिलं लिहिलंत तर ठाणे अंमलदार तिथेच वाचणं थांबवतो. आधी कापलेला पाइप, घुसलेला माणूस, वेळ आणि साक्षीदार लिहा.

कोर्टाची पायरी

पुण्यात भाडे कायद्याचे अर्ज शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातल्या लघुवाद न्यायालयात चालतात. अर्जासोबत करार किंवा भाडेपावत्या, भाडं भरल्याची बँक नोंद, नोटीस आणि पोहोच, तक्रार क्रमांक, फोटो, आणि सेवा आधी चालू होती याचा पुरावा लागतो. हा शेवटचा अनेक जण विसरतात. कलम २९ ‘उपभोगत असलेल्या’ सेवेचं आहे. जुनी बिलं, मागच्या महिन्याचं मीटर रीडिंग, शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, काहीही चालेल, पण हवं. अंतरिम आदेशाची विनंती अर्जातच स्वतंत्र लिहा आणि निकड कशी आहे ते नेमकं सांगा.

वकील परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. करार घरातल्या बाईच्या नावावर असेल तर ही सोय आपोआप खुली होते. हेल्पलाइन १५१००. दाव्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड करण्याचा अर्जही तिथे करता येतो. लायसन्सधारकासाठी हाच मार्ग बहुधा सगळ्यात स्वस्त. तक्रार महापालिकेच्या पाण्याबद्दल किंवा वीज कंपनीबद्दल असेल तर कायम लोक अदालतही आहे.

वाड्यांमध्ये एक जास्तीची खबरदारी घ्यावी लागते. पुनर्विकासाची बोलणी अडली की आधी जिन्यातला दिवा जातो, मग सामाईक संडासाची साफसफाई, मग पाणी, आणि शेवटी ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस येते. नोटीस खरी असेल आणि इमारत ‘सी-१’ वर्गात, म्हणजे तातडीनं रिकामी करायच्या इमारतींत, असेल तर तिथे राहण्याचा हट्ट करू नका, जीव जाईल. पण बाहेर पडण्याआधी आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेकडून लेखी करून घ्या, भाडेपावत्या आणि वीजबिलं बरोबर न्या, आणि इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क कायम असल्याचं पत्र मालकाला पाठवा.

पुढच्या करारात घालायच्या ओळी

एजंटाचा छापील मसुदा जसाच्या तसा सही करू नका. ऑनलाइन नोंदणीत अटी वाढवता येतात. निदान या चार तरी घाला. ‘पाणी व वीज मालकाच्या किंवा सोसायटीच्या कारणाने २४ तासांहून अधिक बंद राहिल्यास पर्यायी पाण्याचा खर्च मालक देईल.’ ‘४८ तासांत दुरुस्ती न झाल्यास लायसन्सधारक ५,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती करून ती रक्कम पुढील भाड्यातून वळती करेल.’ ‘सलग ७ दिवस सेवा बंद राहिल्यास लॉक-इन व नोटीस मुदत लागू राहणार नाही.’ ‘त्या परिस्थितीत घर सोडल्यास डिपॉझिट ताबा देतानाच परत मिळेल.’ तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण सहा महिन्यांच्या लॉक-इनमध्ये, म्हणजे घर सोडता येत नाही अशा मुदतीत, अडकलेला माणूस महागडे टँकर घेत बसतो. आकडे भाड्याच्या मानानं बदला. मालक पहिल्या दोन ओळी सहज मान्य करतो, तिसरीवर घासाघीस होते. सातचे दहा दिवस झाले तरी चालतील, ओळ सोडू नका.

ताबा घेताना मीटर रीडिंग, ग्राहक क्रमांक, मालकाचं शेवटचं भरलेलं वीजबिल आणि मेंटेनन्सची पावती यांचे फोटो घ्या, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. घर सोडताना तेच पुन्हा करा. वीजबिलाचा शेवटचा हिशेब रीडिंगवर करा, ‘अंदाजे’ रकमेवर नको, आणि किल्ल्या देताना डिपॉझिट किती मिळालं, किती बाकी आणि कशापोटी, हे एका कागदावर दोघांच्या सहीनं लिहून घ्या.